यंत्रांची खानेसुमारी

बंगळूरच्या टाउन हॉलनजीक सदर पत्रप्पा रस्ता आहे. सारे शहर त्यास एस. पी. रोड म्हणते. सुटे भाग आणून संगणक जुळवून देणाऱ्या दुकानांची तेथे दाटी आहे, आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तेथील कारागिरास स्क्रू-ड्रायव्हरइतकाच चिमटाही अपरिहार्य असे. कारण साउंड कार्डावर उभ्या असलेल्या बारीक पिनांपैकी नेमक्या कोणत्या जोडीवर ते इवलेसे टोपण, म्हणजे जंपर, बसवायचे, यावर त्या कार्डाचे चालणे वा न चालणे अवलंबून होते. आज त्याच रस्त्यावरून घेतलेले उपकरण जोडताच चालू लागते आणि ग्राहकास त्याचे काहीच नवल वाटत नाही. या सुखाचे श्रेय आपण संगणकाच्या चातुर्यास देतो. माझ्या मते ते परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कारखानदारांनी एकत्र बसून केलेल्या लेखी करारांस दिले पाहिजे, आणि त्या करारांची दफ्तरे जेथे खुली राहिली तेथेच ते सुख पुरतेपणी लाभले.

१९८१ च्या आयबीएम पीसीत आणि १९८४ च्या एटीत जी आयएसए पद्धती होती, तीत खाचेत बसवलेले कार्ड कोण आहे हे विचारण्याची सोयच नव्हती. प्रोसेसरचे लक्ष वेधून घेण्यासाठी कार्डास एक इंटरप्ट लागे. एटीत अशा १६ वाटा होत्या आणि त्यांतील बहुतेक घड्याळ, कळफलक, डिस्क यांनी आधीच अडवलेल्या. साउंड ब्लास्टर कार्डाची वहिवाट पोर्ट २२०, इंटरप्ट ५, डीएमए १ अशी, आणि ती कारागिरांस तोंडपाठ असे. परंतु दुसऱ्या प्रिंटर पोर्टाचाही त्याच ५ व्या इंटरप्टावर हक्क असल्यामुळे दोघांचा तंटा होई, आणि तो तोडण्यास चिमटा हाती घेतलेल्या माणसावाचून दुसरा कोणी पंच नव्हता.

आयबीएमने १९८७ साली पीएस/२ यंत्रांत मायक्रोचॅनेल आणून प्रत्येक कार्डास ओळखक्रमांक दिला खरा, परंतु त्या विद्येवर स्वामित्वशुल्क बसवल्याने इतर कारखानदार तिच्यापासून दूर राहिले. जे आयबीएमला साधले नाही ते इंटेलने १९९२ साली मांडलेल्या पीसीआय पद्धतीने साधले. पीसीआय कार्डाच्या पोटात २५६ बाइटांची एक नोंदवही असते. तिच्या पहिल्या दोन बाइटांत कारखानदाराचा क्रमांक आणि पुढील दोहोंत त्या वस्तूचा. संगणक सुरू होताच प्रत्येक बसवरील, म्हणजे कार्डांच्या सामाईक मार्गावरील, ३२ जागा क्रमाने पुकारीत जातो. जेथे कोणी नाही तेथून उत्तरात सर्व बिट एक असेच वाचले जातात, आणि म्हणूनच तो आकडा कोणत्याही कारखानदारास दिलेला नाही. इंटेलने स्वतःसाठी घेतलेला क्रमांक ८०८६ हा आहे, आपल्या जुन्या प्रोसेसरचे नाव. ही खानेसुमारी झाली की कार्डास किती जागा हवी ते विचारले जाते, आणि ज्यांच्या सीमा एकमेकींस शिवत नाहीत अशा जागा वाटून दिल्या जातात. जंपराचे काम येथे संपले.

परंतु बाजारात आयएसए खाचा अद्याप होत्याच. त्यांच्यासाठी इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९३ साली जी प्लग अँड प्ले युक्ती प्रसिद्ध केली, ती या साऱ्या इतिहासात मला सर्वांत सुंदर वाटते. अडचण अशी की सर्व कार्डे एकाच पोर्टावर कान देऊन बसलेली, कोणासही स्वतंत्र पत्ता नाही, आणि विचारताच सारी एकदम बोलणार. म्हणून प्रत्येक कार्डास ७२ बिटांचा असा आकडा दिला की एकाच संगणकातील कोणत्याही दोन कार्डांचा आकडा एक असू नये. संगणक एकेक बिट विचारीत जातो; ज्याचा तो बिट एक असेल ते कार्ड ठरलेल्या दोन खुणा लागोपाठ देते, ज्याचा शून्य असेल ते गप्प राहून ऐकते, आणि दुसऱ्या कोणाच्या खुणा ऐकू आल्या की त्या फेरीतून माघार घेते. ७२ बिट संपताना एकच कार्ड उरते. त्यास क्रमांक देऊन स्वस्थ बसवायचे आणि उरलेल्यांची फेरी पुन्हा सुरू करायची. मध्यस्थ नसताना केवळ मौनाच्या नियमाने गर्दीतून एकेकाची निवड करणे ही उच्च कोटीची कल्पकता आहे.

१९९६ च्या जानेवारीत यूएसबीची पहिली संहिता प्रसिद्ध झाली. तिच्या प्रमुख शिल्पकारांपैकी इंटेलचे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. उपकरण जोडले की त्यातील दीड किलोओमचा रोध दोन डेटा-तारांपैकी एकीचा दाब वर खेचतो आणि हबला कोणी आल्याचे कळते. नवागत प्रथम शून्य या पत्त्यावर बोलतो. मग त्यास १ ते १२७ पैकी एक पत्ता मिळतो आणि १८ बाइटांच्या वर्णनपत्रातून तो आपला कारखानदार, वस्तू आणि वर्ग सांगतो. यांतील वर्ग ही फार उपकारक योजना होय: पेनड्राइव्ह कोणत्याही कारखान्याचा असो, साठवणुकीच्या वर्गाचा एकच ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारी आज्ञावली, त्यास पुरतो.

ओळख पटल्यावर ड्रायव्हर शोधायचा. विंडोजमध्ये प्रत्येक ड्रायव्हरसोबत आयएनएफ फाइल येते आणि तीत तो कोणकोणत्या क्रमांकांचा कारभार पाहतो याची यादी असते. नेमका क्रमांक जुळला तर तो ड्रायव्हर, न जुळल्यास वर्गाचा सामान्य ड्रायव्हर, असा अग्रक्रम आहे. लिनक्समध्ये ही यादी ड्रायव्हरच्याच पोटात असते. साऱ्या याद्यांची मिळून एक अनुक्रमणी तयार होते, आणि उपकरण येताच कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याच्या क्रमांकांची एक ओळ लिहून युडेव्ह नावाच्या सहायक आज्ञावलीच्या हवाली करतो, ज्यावरून योग्य मॉड्यूल चढवले जाते.

येथेच दफ्तर खुले असण्याचा प्रश्न येतो. बर्लिनमध्ये जन्मलेले, बेळगावात वाढून तेथील गोगटे महाविद्यालयातून अभियंता झालेले आणि पुढे बंगळुरास स्थायिक झालेले अतुल चिटणीस यांनी पीसीक्वेस्ट मासिकाच्या सीडींमधून १९९६ पासून भारतीय घराघरांत लिनक्स पोचवले. त्या काळी स्वस्त म्हणून घेतलेल्या अनेक अंतर्गत मोडेमांत ध्वनिलहरींचे गणित करणारी चिप काढून टाकून ते काम प्रोसेसरवर सोपवलेले असे. लिनक्सला अशा मोडेमाचा पीसीआय क्रमांक अचूक वाचता येई, कारखानदाराचे नाव पडद्यावर उमटे, आणि तरीही फोनची लाइन मुकी राही. कारण ते गणित कसे करायचे हे कारखानदाराने गुप्त ठेवलेले. चिटणिसांनी २००१ साली ‘लिनक्स बंगलोर’ परिषद सुरू केली, ती पुढे ‘फॉस डॉट इन’ या नावाने २०१२ पर्यंत चालली, आणि उत्तरकाळात तिचा भर व्याख्यानांवरून प्रत्यक्ष कोड लिहिण्यावर आला. भारतीयाने ड्रायव्हर नुसता वापरू नये, तो लिहावाही, हा त्यांचा आग्रह मला आजही मोलाचा वाटतो. जून २०१३ मध्ये ते निवर्तले.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स १९८५ साली ज्या शहरात आली त्या बंगळुरात आज चिप-रचनेचे मोठे काम चालते, आणि मोबाइलच्या चिपमधील अंतर्गत भाग बहुधा स्वतःची ओळख सांगत नाहीत. त्यांचा नकाशा ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या फाइलीत माणसानेच लिहावा लागतो. म्हणजे जंपराचे काम पुरते गेले नाही. ते फाइलीत आले.

शिवाय जो सांगेल तेच त्याचे नाव, हा या व्यवस्थेचा जुना कच्चा दुवा आहे. स्कॉटलंडच्या एफटीडीआय कंपनीच्या यूएसबी-सिरियल चिपच्या नकला जगभर खपत. २०१४ साली विंडोज अपडेटमधून आलेल्या कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने अशा चिपमधील वस्तुक्रमांक पुसून शून्य केला. चिप शाबूत असूनही तिला कोणताही संगणक ओळखेना, आणि तिच्यावर चालणारी उपकरणे नकलेची गंधवार्ता नसलेल्या मालकांच्या हातात निरुपयोगी झाली. गदारोळ उठल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला.