खाटा रिकाम्या ठेवायच्या नाहीत

तीन बाजूंनी मिसिसिपी नदी आणि मध्ये १८ हजार एकर काळी जमीन. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याचा हा सर्वात मोठा तुरुंग, अँगोला. एकेकाळी इथे गुलामांच्या जिवावर मळा चालायचा. यादवी युद्धानंतर सॅम्युएल जेम्स या माजी मेजरने राज्यातले कैदी मक्त्याने घेतले आणि त्यांना राबवून घेतलं. १९०१ मध्ये सरकारने कारभार आपल्या हाती घेतला. शेती चालूच राहिली. आजही कैद्यांच्या रांगा फावडी-कुदळी घेऊन शेतात उतरतात, घोड्यावरचा बंदूकधारी शिपाई पहारा देतो. मजुरी तासाला काही सेंट.

अमेरिकेत लाखामागे सर्वाधिक माणसं कोंडणाऱ्या राज्यांत लुईझियाना कायम वरच्या ओळीत असतं. संघराज्याचे, राज्याचे आणि स्थानिक तुरुंग धरले तर लाखामागे हजाराच्या आसपास माणसं गजाआड आहेत. भारतात हा आकडा पन्नासाच्याही आत आहे. पण लुईझियानात गुन्हेगारच जास्त, एवढ्यावर हे भागत नाही.

१९७० च्या दशकात अँगोलातल्या गर्दीवर फेडरल न्यायालयाने लगाम घातला. जास्तीचे कैदी ठेवायचे कुठे? राज्याने शेरीफांना गाठलं. हा शेरीफ म्हणजे मुंबईच्या नगरपालासारखं मानाचं पद नव्हे. निवडून आलेला, परगण्याचे पोलीस आणि कोठडी हातात असलेला माणूस. कैद्यामागे रोजचा भत्ता ठरला. तो अलीकडे २६ डॉलरच्या घरात आहे. शेरीफांनी कर्ज काढून तुरुंग बांधले. कर्ज फेडायचं तर खाटा भरलेल्या हव्यात. २०१२ मध्ये ‘द टाइम्स-पिकायून’ या दैनिकाने लेखमालेतून दाखवलं की खाटा भरण्यासाठी तुरुंगाधिकारी इतर परगण्यांत फोन करून कैदी मागतात. राज्याच्या शिक्षा भोगणाऱ्यांपैकी निम्मे असेच स्थानिक तुरुंगांत होते. गंमत अशी, की वेल्डिंगसारखी कामं शिकण्याची सोय अँगोलात, जिथे बहुतेकांना मरेपर्यंत राहायचंय. आणि दोन-चार वर्षांत सुटणारा परगण्याच्या बराकीत नुसता पडून.

त्यात ज्युरीचा कायदा. १८९८ च्या राज्यघटनेने बारापैकी नऊ जणांच्या मतावर दोषी ठरवण्याची मुभा दिली. त्यामुळे काळ्या ज्युरींचं मत निरुपयोगी होई; गोऱ्यांचं वर्चस्व हा आपला हेतू त्या घटनापरिषदेने लपवलाही नाही. पुढे नवाचे दहा झाले. २०१८ मध्ये मतदारांनी ही पद्धत मोडली, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. पण आधीच्या निकालांना हा न्याय लागू झाला नाही. हजाराहून जास्त माणसं तशाच निकालांवर आत राहिली.

२०१७ मध्ये शिक्षा सौम्य करणारे कायदे झाले, कैदी घटले. लगेच शेरीफांना दुसरं गिऱ्हाईक सापडलं: केंद्राचं स्थलांतरित खातं, तेही दुपटीहून जास्त भाव देणारं. २०१९ मध्ये एकेक ग्रामीण तुरुंग त्या खात्याकडे गेला. लुईझियानातल्याच जेना गावी त्या खात्याच्या कोंडवाडा-केंद्रात आश्रय मागणारे काही भारतीय तरुण उपोषणाला बसले, तेही याच सुमारास.

२०२४ मध्ये गव्हर्नर जेफ लँड्रींनी वारं उलटं फिरवलं. १ ऑगस्टपासूनच्या गुन्ह्यांना पॅरोल जवळपास बंद. आणि अँगोलातला कॅम्प जे, एकांतकोठडीसाठी बदनाम झालेला आणि २०१८ मध्ये बंद केलेला, २०२५ च्या सप्टेंबरात डागडुजी करून पुन्हा उघडला, या वेळी स्थलांतरितांसाठी.