बिऱ्हाडातील मुके कुटुंबीय

मुंबई-पुण्यात भाड्याचे घर मिळविणे कधीच सोपे नव्हते. भाडेकरूची जात, धर्म, आहार, एवढेच नव्हे तर अविवाहितपणाही तपासला जातो. त्यात आता आणखी एका अटीची भर पडली आहे. भाडे ठरते, अनामत ठरते, दलालीचीही बोलणी होतात. परंतु घरात कुत्रा अथवा मांजर आहे असे कळताच घरमालकाचा नकार येतो. अकरा महिन्यांच्या कराराने राहणाऱ्या नोकरदारावर हा प्रसंग पुनःपुन्हा ओढवतो.

या बाबतीत कायदा भाडेकरूच्या पाठीशी आहे, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. गृहनिर्माण सोसायट्यांनी पाळीव प्राण्यांवर बंदी घालू नये, अशा मार्गदर्शक सूचना भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली काढल्या. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ साली सरसकट बंदीचे नियम बेकायदा ठरविले. तथापि करार होण्यापूर्वीच घरमालक जो नकार देतो, त्यावर या सूचनांचा इलाज चालत नाही.

मग घर सोडावे की प्राणी? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे. परंतु पहिल्या गुन्ह्याचा दंड जास्तीत जास्त पन्नास रुपये! घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर अन्न शोधता येत नाही आणि तेथील कुत्री त्याला थारा देत नाहीत. एका नकाराची किंमत अशा रीतीने मुका जीव मोजतो आणि भटक्या प्राण्यांचा प्रश्न मात्र सर्व शहराचा होतो.

घरमालकाची भीती निराधार आहे, असे नव्हे. ओरखडलेली दारे, दुर्गंधी, रात्रीचे भुंकणे, शेजाऱ्यांच्या तक्रारी या गोष्टी खऱ्या आहेत. परंतु त्यांवर नकार हाच एकमेव उपाय नाही. लसीकरणाचा दाखला, कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना, जिन्यात व आवारात साखळी, आणि नुकसान झाल्यास अनामतीतून भरपाई, ही कलमे करारात सहज घालता येतील. फ्रान्समध्ये १९७० च्या कायद्याने पाळीव प्राण्यांना मज्जाव करणारे कलमच निरर्थक ठरविले. मात्र प्राण्याने नुकसान अथवा उपद्रव करू नये, ही अट कायम ठेवली. इंग्लंडमध्ये २०२५ साली संमत झालेल्या कायद्याने भाडेकरूला प्राणी पाळण्याची परवानगी मागण्याचा हक्क दिला असून, वाजवी कारणाविना ती नाकारता येत नाही.

आपल्याकडे असा कायदा होईल तेव्हा होवो. तोवर नमुना करारात ही कलमे समाविष्ट करण्यास गृहनिर्माण सोसायट्यांना कोणाची आडकाठी नाही. भाडेकरूंनीही प्राणी लपवून घरात शिरण्याचा मोह टाळला पाहिजे. कारण अशी एक फसवणूक मागाहून येणाऱ्या दहा प्रामाणिक भाडेकरूंची दारे बंद करते. घर मालकाचे असले तरी बिऱ्हाड भाडेकरूचे असते, आणि त्या बिऱ्हाडात कोण कुटुंबीय हे ठरविण्याचा काही अधिकार त्यालाही असला पाहिजे.