वेग अडवा, वेग जिरवा

आभाळाची बाराखडी : लेखांक ९

मैंदर्गीच्या गच्चीवरून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक कसं ओळखायचं, हे गेल्या आठवड्यात सांगितलं होतं. दिवेलागणीनंतर किंवा पहाटे, अजिबात न लुकलुकता सरळ रेषेत सरकणारा ठळक ठिपका. चार-सहा मिनिटांत आभाळ ओलांडून जातो. बऱ्याच घरांतून लोक गच्चीवर गेले आणि बऱ्याच जणांना तो दिसला. त्यातूनच आठवीतल्या एका पोरानं मला गाठलं. "सर, ते बरोब्बर आपल्या डोक्यावर आलं, की एखाद्यानं तिथून उडी मारायची. मैंदर्गीतच पडणार की!"

पोराला हसून वाटेला लावण्यासारखा हा प्रश्न नाही. अंतराळवीर घरी कसे येतात, हे सांगायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

उडी मारणारा मैंदर्गीत पडणार नाही. मैंदर्गीतच काय, तो कुठेच पडणार नाही. 'वर गुरुत्वाकर्षण नसतं' असं आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत, ते साफ चूक आहे. ४०० किलोमीटर उंचीवरही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असतं. स्थानक सारखं पडतच असतं, पण त्याच वेळी ते सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेगानं आडवंही धावत असतं. सोलापूर ते अक्कलकोट पाच सेकंदांत! ते जेवढं खाली पडतं, तेवढीच खालची गोल जमीन वळून दूर जाते. उडी मारणाऱ्याच्या अंगात तोच वेग असणार, त्यामुळे तो स्थानकाच्या शेजारीशेजारीच फिरत राहील.

म्हणजे खाली यायचं असेल तर आधी वेग मोडावा लागतो, आणि तोही डोक्यावर येऊन नव्हे. मैंदर्गीत उतरायचं तर ब्रेक लावायचा पृथ्वीगोलाच्या साधारण उलट्या बाजूला, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला पॅसिफिक महासागरावर. तिथून अर्धी पृथ्वी ओलांडता ओलांडता उंची हळूहळू घटत जाते आणि पाऊण-एक तासानं यान आपल्या गावाच्या हवेत शिरतं. पोराला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग चुकून दुधनीत उतरले तर?" दुधनी जवळच आहे. याहून कितीतरी लांब चुकलेल्यांची गोष्ट पुढे येते आहे.

१५ जुलै २०२५ची दुपार आठवा. ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला यांचं ड्रॅगन यान, नाव 'ग्रेस', आदल्या दिवशी दुपारी पावणेपाचला स्थानकापासून सुटलं होतं. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोजवळचा समुद्र नेमका मार्गाखाली येईपर्यंत ते घिरट्या घालत राहिलं. दोनच्या सुमारास इंजिनं उलट्या दिशेनं पेटली आणि जवळजवळ १८ मिनिटं चालली. तीन वाजून एका मिनिटानं यान पाण्यावर टेकलं. मोहिमेची कमांडर होती पेगी व्हिटसन. पोलंडचा स्लावोश उझनान्स्की-विश्न्येव्स्की आणि हंगेरीचा तिबोर कापू हे आणखी दोघे सोबत होते.

त्या १८ मिनिटांत वेग किती कमी झाला असेल? सेकंदाला शंभरेक मीटर. ७,७०० मधले १००, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास. बाकीचा वेग तसाच शिल्लक.

हा शिल्लक वेग म्हणजे काय चीज आहे, ते आकड्यात बघू. यानाच्या दर किलो वजनामागे सुमारे ३० मेगाज्युल ऊर्जा साठलेली असते. तेवढ्या उष्णतेत ११ लिटर पाण्याची पूर्ण वाफ होईल. हा हिशेब एका किलोचा. उतरणारं यान दहा टनांचं धरा आणि स्वतःच गुणाकार करून पाहा. एवढी ऊर्जा इंजिनं उलटी चालवूनच मोडायची म्हटली, तर दहा टनांच्या यानाला शंभर टनांवर इंधन लागेल, आणि ते इंधन आधी खालून वर न्यावं लागेल. म्हणजे आवळा देऊन कोहळा काढायचं सोडून, कोहळा देऊन आवळा घेण्यातली गत.

मग करायचं काय? अक्कलकोट तालुक्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. उतारावरून सुटलेलं पाणी एकदम नाल्यात आलं तर बांध फोडून माती घेऊन जातं. म्हणून आपण माथ्यावर चर खणतो, मध्ये बांध घालतो, खाली नाला अडवतो. टप्प्याटप्प्यानं पाण्याची धाव मोडतो आणि ते जिरवतो. अंतराळयान उतरवणारे इंजिनिअर वेगाचं हेच करतात. इंजिनं सव्वा टक्का मोडतात. शेवटचे दोनेक टक्के पॅराशूटच्या वाट्याला येतात. मधला सगळा, जवळजवळ ९७ टक्के वेग फुकटात मिळणारी हवा जिरवते.

ही हवा म्हणजेच जाळ. तो घासून पेटतो, अशी आपली समजूत असते. खरं कारण बहुतांशी दुसरं आहे. यान इतक्या वेगानं येतं, की पुढच्या हवेला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. ती यानापुढे दाबली जाते आणि दाबल्यानं तापते. ड्रॅगनच्या बुडाच्या ढालीचं बाहेरचं तापमान दीड ते दोन हजार अंश सेल्सिअसच्या घरात जातं. भोवतीची हवा विद्युतभारित होते, रेडिओ लहरी अडतात आणि काही मिनिटं आतल्या माणसांशी बोलणं बंद पडतं.

इथे एक उलटी गंमत आहे. जोरात जाणाऱ्या वस्तूला टोक हवं, हे बाणापासून विमानापर्यंत सगळ्यांना ठाऊक. पण टोकदार वस्तू या वेगानं हवेत शिरली तर उष्णता थेट तिच्या अंगाला भिडते. १९५१ साली अमेरिकेत हॅरी ज्युलियन ॲलन यांनी दाखवलं, की बूड बोथट आणि रुंद ठेवलं तर दाबाची लाट अंगापासून थोडी लांब उभी राहते आणि बरीचशी उष्णता आजूबाजूच्या हवेतच निघून जाते. म्हणूनच परतीची यानं दिसायला अशी बसकी, ढोबळ असतात. राहिलेली उष्णता ढालीचा वरचा थर स्वतः जळून, झिजून सोबत नेतो.

ढाल नसेल तर काय होतं, ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भापासून पार मध्य प्रदेशापर्यंत लोकांनी आभाळात जळत जाणाऱ्या रेघा बघितल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. पुढच्या दिवसांत आसपास धातूचे गोळेही सापडले. जाणकारांच्या मते तो २०२१ मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च रॉकेटचा वरचा टप्पा होता. त्याला ब्रेक नव्हता, दिशा नव्हती आणि ढालही नव्हती. आला तसा आला. सुदैवानं कोणाला लागलं नाही.

ढाल असली तरी कोन चुकून चालत नाही. पेगी व्हिटसनला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. १९ एप्रिल २००८ रोजी ती रशियाच्या सोयूझ टीएमए-११ यानातून परत येत होती. सोबत युरी मालेन्चेन्को आणि दक्षिण कोरियाची यी सो-यॉन. सोयूझचे तीन भाग असतात आणि हवेत शिरण्याआधी माणसांचा मधला भाग सुटा व्हावा लागतो. त्या दिवशी मागचा भाग नीट सुटलाच नाही. यान भलत्याच बाजूनं हवेत शिरलं, मग शेवटी जोड तुटला आणि ते नेहमीपेक्षा उभ्या वाटेनं खाली आलं. वाट उभी झाली की वेग थोड्या वेळात मोडतो, आणि माणूस चिरडल्यासारखा होतो. नेहमी चारपटीच्या आसपास असणारा भार त्या दिवशी आठपटीच्या वर गेला. ६० किलोच्या माणसाला आपलं वजन पाचशे किलो वाटावं, इतका. ठरलेल्या जागेपासून चारशेहून अधिक किलोमीटर अलीकडे, कझाकस्तानच्या गवताळ माळावर ते उतरले आणि भोवतालच्या गवतानं पेट घेतला. तिघं वाचली. यी सो-यॉनला पाठदुखीसाठी रुग्णालयात राहावं लागलं. तीच व्हिटसन सतरा वर्षांनी शुभांशुंच्या शेजारच्या आसनावर होती. एवढ्या अनुभवाचं माणूस बरोबर असणं, हे मला त्या मोहिमेतलं सर्वांत मोठं सामान वाटतं.

आपले पहिले अंतराळवीर राकेश शर्मा हे अशाच माळावर उतरले होते. ११ एप्रिल १९८४ रोजी, कझाकस्तानात आर्कालिकजवळ, सोबत मालिशेव आणि स्त्रेकालोव. गेले होते सोयूझ टी-११ मधून, आले टी-१० मधून. ताजं यान त्या वेळच्या सोव्हिएत स्थानकावर राहणाऱ्यांसाठी ठेवायचं आणि पाहुण्यांनी जुनं घेऊन परतायचं, असा तिथला रिवाज. यान बदललं तरी आसनाचा साचा मात्र ज्याचा त्यानं उचलून न्यायचा, कारण तो प्रत्येकाच्या पाठीच्या मापानं ओतलेला असतो. सोयूझ जमिनीवर उतरतं, पाण्यात नाही. पॅराशूटनंतरही ते बऱ्यापैकी जोरात येत असतं. म्हणून जमीन हातभर उरली, की खाली छोटी रॉकेटं पेटतात. तरी दणका बसतोच. ड्रॅगनची रीत वेगळी. साडेपाच किलोमीटर उंचीवर दोन लहान पॅराशूट, दोन किलोमीटरच्या आसपास चार मोठी, आणि ताशी पंचवीसेक किलोमीटरनं पाण्यात.

शर्मा आणि शुक्ला या दोघांच्यात ४१ वर्षांचं अंतर, पण दोघेही खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडलेले. शर्मा तर पुढे नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिक होते. दोघांच्या गावांच्या, लखनौ-पतियाळाच्या बातम्यांत आपल्याकडचा हा धागा कोणी फारसा ओढत नाही, म्हणून इथे ओढला.

यान उतरलं म्हणजे माणूस उतरला, असं मात्र नाही. वर पायांकडचं रक्त आणि पाणी डोक्याकडे सरकतं. शरीराला वाटतं पाणी जास्त झालं, आणि ते बाहेर टाकलं जातं. खाली आल्यावर तेच पाणी पायांकडे ओढलं गेलं की मेंदूला कमी पडतं आणि उभा माणूस चक्कर येऊन पडतो. म्हणून उतरण्याच्या आधी अंतराळवीर पाणी आणि मिठाच्या गोळ्या घेतात, पायांवर घट्ट आवळणारे कपडे घालतात. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा वर बेकार बसलेली असते, तिला वर-खाली पुन्हा शिकावं लागतं. सहा-सहा महिने राहणाऱ्यांची हाडं, विशेषतः कंबर आणि मांड्यांची, महिन्याला एक ते दीड टक्का विरळ होतात. रोज दोन तास व्यायाम त्यासाठीच. सुनीता विल्यम्स २८६ दिवसांनी मार्च २०२५ मध्ये परतल्या आणि त्यांना स्ट्रेचरवरून नेताना पाहून आपल्याकडच्या व्हॉट्सअॅपवर काळजीचा पूर आला. तिथे स्ट्रेचर हा आजाराचा पुरावा नसतो. धडधाकट माणसालाही तसंच उचलून नेतात.

शुभांशुंनी स्वतःच सांगितलेला किस्सा बघा. परतल्यावर त्यांनी फोटो काढायला फोन हातात घेतला, तर तो जड लागला. पलंगावर बसून काम करताना लॅपटॉप मिटला आणि सरळ बाजूला हवेत सोडून दिला, तरंगेल म्हणून. खाली गालिचा होता, त्यानं वाचवलं. हात अजून वरच होता, बाकीचा माणूस खाली आला होता.

त्याच यानातून मूग आणि मेथीही आली. धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठ आणि धारवाडचीच आयआयटी यांचा तो प्रयोग. शुभांशुंनी स्थानकावर बिया भिजवून मोड आणले, मग ते गोठवून ठेवले. जमिनीवर त्यांची तपासणी करायची आणि पुढच्या पिढ्यांत काय फरक पडतो तेही पाहायचं, असा बेत. आपल्या भागात मूग कोणाच्या शेतात नाही? मोड आलेल्या मुगाची उसळ आपल्याकडे रोजची. वजन नसताना मुळाला खाली कुठे जायचं हे कसं कळतं, हा मात्र उसळ खाताना कोणाच्या डोक्यात न येणारा प्रश्न आहे.

आता आपलं स्वतःचं यान, गगनयान. परत आणण्याचा अभ्यास इस्रोनं जाण्याच्या आधीपासून चालवला आहे. जानेवारी २००७ मध्ये एसआरई-१ ही साडेपाचशे किलोची कुपी बारा दिवस कक्षेत ठेवून बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरवली. डिसेंबर २०१४ मध्ये माणसाच्या यानाचा रिकामा सांगाडा १२६ किलोमीटरवरून सोडून पाहिला. गगनयानाला एकूण दहा पॅराशूट आहेत. आधी झाकण काढणारी दोन, मग वेग मोडणारी दोन, मग मोठ्यांना ओढून बाहेर काढणारी तीन, शेवटी मोठी तीन. त्या तिघांतली दोन उघडली तरी काम भागतं. ऑगस्ट २०२५ मध्ये हेलिकॉप्टरमधून पावणेपाच टनांची नकली कुपी टाकून त्यांची चाचणी झाली.

पाण्यात पडल्यावरही काम संपत नाही. गगनयानाच्या २१ ऑक्टोबर २०२३च्या चाचणीत सगळं झकास पार पडलं, पण समुद्रात पडलेली कुपी लाटांवर उलटी झाली. आयएनएस शक्तीच्या लोकांनी ती उचलली. आत माणसं असती तर पट्ट्यांना उलटी लटकली असती. त्यामुळे यान आपोआप सरळ होण्याची व्यवस्था आता महत्त्वाची ठरली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये विशाखापट्टणमजवळ नौदलानं आणखी एक तालीम केली. जहाजाच्या पोटातला हौद पाण्यानं भरायचा, कुपी ओढून आत घ्यायची, मग हौद रिकामा करायचा. माणसांनी समुद्रात बाहेर पडून दोरीवर लटकण्यापेक्षा हे बरं.

पुढच्या लेखांकात ती मोठी पॅराशूट नेमकी कशी घडी घालून ठेवतात, ते पाहू. शर्टाची घडी घालायचा कंटाळा करणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.