अनुज्ञेवांचून गाइलेलें सत्य

हिपहॉप गायनाचें नांव काढलें कीं घरांतील वडील माणसें कानांवर हात ठेवितात. प्रस्तुत लेखकही त्यांतलाच. परंतु नातवानें ट्युनिशियांतील एका गीताचा अर्थ समजावून दिला आणि मत बदलावें लागलें.

१९७३ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागांतील एका नृत्यसमारंभांत या कलेचा जन्म झाला, असें मानतात. तबकड्यांच्या तालावर यमकबद्ध शब्द झपाट्यानें म्हणावयाचे, एवढेंच तिचें भांडवल. म्हणून ती गरिबांच्या हातीं आली व देशोदेशीं पसरली.

ट्युनिशियांत १९८७ पासून बेन अली यांची सत्ता होती. २०१० च्या नोव्हेंबरांत 'एल जनराल' हें नांव धारण करणाऱ्या, स्फाक्स शहरच्या तरुणानें थेट राष्ट्राध्यक्षांस उद्देशून गीत केलें. प्रजा उपाशी आहे, पोलीस जुलूम करितात, हें त्यांत उघड सांगितलें होतें. डिसेंबरांत सिदी बूझीद येथें एका फेरीवाल्यानें स्वतःस जाळून घेतलें. त्या लोकक्षोभांत तें गीत सर्वतोमुखीं झालें. ६ जानेवारी २०११ रोजीं पोलिसांनीं गायकास धरून नेलें. कांहीं दिवसांनीं सोडलें. १४ जानेवारीस बेन अली देश सोडून पळाले.

एका गाण्यानें सिंहासन उलथलें, असें म्हणणें अतिशयोक्ति होईल. परंतु भारवीच्या काव्यांतील वनेचर युधिष्ठिरास अप्रिय सत्य सांगतो, तें राजाची अनुज्ञा घेऊन. या तरुणास अनुज्ञा कोण देणार? अशी वाणी कर्कश असेल. परंतु ती ऐकण्यापूर्वींच आपण कान झांकले, तर त्या सत्ताधीशांत आणि आपल्यांत अंतर तें काय राहिलें?