कुठल्या रकान्यात नाव?

उल्हासनगरचे पत्ते आजही लष्करी आहेत. पाकिटावर ‘बॅरॅक नंबर’ लिहिलेला असतो, विठ्ठलवाडी स्टेशनबाहेरचा रिक्षावाला ‘कॅम्प चार, कॅम्प पाच’ असंच ओरडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळच्या या माळावर सैन्यासाठी २,१२६ बराकी आणि सुमारे १,१७३ निवासी खोल्या उभ्या राहिल्या होत्या. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या पडल्या. मग फाळणी झाली. पंजाब आणि बंगालची वाटणी झाली, सिंध मात्र अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि तोवर पाय घट्ट रोवून बसलेल्या सिंधी हिंदूंनीही बोटी धरल्या. मुंबई बंदरात उतरलेल्या माणसांपैकी लाखाच्या आसपास माणसं कल्याण कॅम्पात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी त्याच जागेचं नाव उल्हासनगर ठेवलं.

ही कथा आपल्याकडे कष्टाची म्हणून सांगितली जाते: पापड, जीन्स, फर्निचर आणि ‘मेड इन यूएसए’चा (यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन) तो जुना विनोद. ती खोटी नाही. पण धंदा उभा राहण्याच्या आधी एक टेबल असतं, टेबलावर नोंदवही असते, आणि समोर रांग. आज बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला किंवा दक्षिण सुदानच्या सीमेवर एखादी मदतसंस्था ज्याला ‘संरक्षण अधिकारी’ म्हणून पाठवते, त्याचं काम त्या टेबलापाशीच सुरू होतं. ते काम कसं चालतं हे समजून घ्यायला कल्याण कॅम्पासारखं उदाहरण नाही, कारण इथे काय बरोबर झालं, काय चुकलं आणि कशाची गरजच पडली नाही, हे तिन्ही दिसतं.

पहिली गोष्ट म्हणजे संरक्षण अधिकारी काहीही वाटत नाही. तंबू, तांदूळ, औषधं, पाणी यांची खाती वेगळी. त्याच्याकडे असतात ते कागद, प्रश्न आणि कायद्याची थोडीफार समज. ज्या देशातून माणूस जीव घेऊन पळाला तिथे त्याला परत ढकललं जाऊ नये, त्याच्याकडे स्वतःची ओळख सांगणारा कागद असावा, आणि छावणीत कुणी त्याचा किंवा तिचा गैरफायदा घेऊ नये, एवढं त्याने बघायचं. यातली पहिली अट १९५१ च्या जिनिव्हा निर्वासित कराराच्या ३३ व्या कलमात आहे. त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था कामाला लागली. लोक तिला यूएनएचसीआर म्हणतात. भारताने हा करार केला नाही, आणि १९६७ चा पूरक करारही नाही. मूळ करारात निर्वासित होण्याचं कारण १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटना एवढंच धरलं होतं, आणि त्या घटना फक्त युरोपातल्या असं समजण्याची मुभाही देशांना होती. कल्याण, कुरुक्षेत्र, सियालदा इथल्या फाळणीच्या निर्वासितांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिलेलाच नव्हता.

आता टेबलाकडे. नोंदणी म्हणजे नाव, वय, गाव आणि घरातली माणसं लिहून घेणं, असं वाटतं. खरं काम लिहून घेतलेल्यांपेक्षा न आलेल्यांचं असतं. नवरा कुठे राहिला, मुलगी कुणाबरोबर आहे, ही म्हातारी या कुटुंबातली की रस्त्यात जोडली गेली, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. रेशन माणशी मिळणार असेल तर कुटुंबं फुगतात. रेशन कुटुंबाला मिळणार असेल तर एका कुटुंबाची दोन होतात. याला लबाडी म्हणण्याची घाई अनुभवी माणूस करत नाही. भुकेला माणूस नियम लवकर शिकतो, इतकंच. आज बऱ्याच छावण्यांत बुबुळाचा ठसा घेतात, त्यामुळे दुबार नोंद पकडली जाते. पण खोटं वय किंवा दडवलेली मुलगी बुबुळात दिसत नाही, त्यासाठी विचारणारं माणूसच लागतं.

अजून एक गोष्ट नवीन माणसाला उशिरा कळते. कार्ड फक्त कर्त्या पुरुषाच्या नावावर असेल, तर तो दारू प्यायला लागला, दुसरीकडे गेला किंवा मारायला लागला की बायकोचं रेशन आणि तिची ओळख दोन्ही त्याच्याच खिशात राहतात. म्हणून आता प्रत्येक प्रौढ माणसाची वेगळी नोंद करण्यावर भर असतो.

आणि तारीख. नोंदवहीतला सगळ्यात निरुपद्रवी दिसणारा रकाना हाच. आपल्या संविधानाच्या ६ व्या कलमात एक दिवस ठरवून दिलेला आहे, १९ जुलै १९४८. ज्याचा स्वतःचा, आई-वडिलांचा किंवा आजी-आजोबांचा जन्म अखंड भारतात झाला होता, आणि जो पाकिस्तानातून त्या दिवसाआधी येऊन इथेच राहिला, तो आपोआप नागरिक. त्या दिवशी किंवा नंतर आलेल्याला सहा महिने इथे राहून, अर्ज देऊन, अधिकाऱ्यासमोर नाव नोंदवावं लागे. म्हणजे एकाच बराकीत, मधे गोणपाट टांगून राहणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एकाला काहीच करावं लागत नव्हतं आणि दुसऱ्याला कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागत होत्या. फरक कोणती बोट मिळाली याचा. शिवाय १९४८ सालीच मुंबई सरकारने निर्वासितांसाठी वेगळा कायदा केला. त्यांनी नोंदणी करावी आणि सरकार सांगेल तिथे राहावं, असा त्याचा रोख होता. नोंदणीला ही दुसरी धारही असते: जी वही माणसाला रेशन मिळवून देते, तीच तो कुठे आहे हे पोलिसांनाही सांगते. म्हणून आजच्या नियमांप्रमाणे माहिती कुणाकुणाला दिली जाईल हे माणसाला आधी सांगावं लागतं, आणि ज्या देशातून तो पळाला त्या देशाच्या वकिलातीला ती द्यायची नसते.

रांगेतून काही माणसं बाजूला घ्यायची असतात. एकटं मूल, एकटी बाई, अपंग, आजारी म्हातारे. मुलाखत वेगळ्या खोलीत. नवऱ्याची आणि बायकोची वेगवेगळी, कारण तिला जे सांगायचं असतं ते पुष्कळदा त्याच्याबद्दलच असतं. दुभाषा निवडताना तो भाषा जाणतो एवढं पुरत नाही. तो कुठल्या गावचा आणि कुठल्या गटाचा हेही बघावं लागतं. समोरचा माणूस ज्यांच्या भीतीने पळाला त्यांच्यातलाच दुभाषा बसवला, तर मुलाखत पाच मिनिटांत संपते.

इथे फाळणीच्या काळातली मोठी चूक आठवायलाच हवी. पळवून नेलेल्या बायकांना शोधून आपापल्या देशात परत आणण्यासाठी भारत आणि पाकिस्तानने करार केला, आणि १९४९ मध्ये भारताने त्यासाठी कायदाही केला. हेतू चांगला होता. पण बाई सापडली की तिला जायचं आहे का, हा प्रश्न त्या कायद्याला महत्त्वाचा नव्हता. काहींनी तिथे संसार थाटला होता, मुलं झाली होती. त्यांनाही उचललं गेलं. आज संरक्षणाच्या प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवतात की त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय तिच्यासाठी काहीही करायचं नाही. फाळणीत सरकारने वाचवलेल्या कितीतरी बायकांसाठी हा नियम फार उशिरा आला.

छावणीच्या आखणीतही संरक्षण असतं, आणि ते अगदी साधं असतं. मदतसंस्था ज्या स्फिअर मानकांवर चालतात, त्यांत माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, माणशी किमान साडेतीन चौरस मीटर छप्पर, वीस माणसांमागे एक संडास आणि पाण्याचा नळ ५०० मीटरच्या आत, असे आकडे आहेत. संरक्षण अधिकारी त्या आकड्यांच्या पुढचं विचारतो. संडासाला आतून कडी आहे का? तिथवरच्या वाटेवर दिवा आहे का? पाण्याच्या रांगेत कोण उभं असतं, आणि रांग कोण लावतं? सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक बराकीत कुटुंबं भरली की दोन घरांमध्ये भिंत नसते, असतो पडदा. कल्याण कॅम्पात तेच होतं. पडद्यापलीकडे काय चाललंय हे सगळ्यांना ऐकू येतं आणि कुणीच बोलत नाही.

माणूस निर्वासित आहे की नाही हे ठरवणं, हा या कामाचा सगळ्यात अवघड भाग. १९५१ च्या निर्वासित करारात पाच कारणं दिली आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटातलं असणं, राजकीय मत. यांपैकी एकामुळे छळ होईल अशी साधार भीती हवी. भूक, दुष्काळ, बेकारी या यादीत नाहीत. छळाची आठवण तारीखवार येत नाही. माणूस आधी ‘पावसाळ्यात’ म्हणतो, मग ‘ईदेनंतर’ म्हणतो, आणि कच्चा अधिकारी लगेच ‘विसंगती’ असा शेरा मारतो. मुरलेला अधिकारी विचारतो, तेव्हा शेतात काय उभं होतं?

कल्याण कॅम्पात ही पायरी आलीच नाही. कराचीच्या दुकानदाराला ‘तुला कुणाची भीती वाटली’ असं विचारणारा अधिकारी नव्हता, कारण भारताने त्याला आपला माणूस मानलं होतं. म्हणून त्याला लागलं ते पुनर्वसन. संरक्षणाची खरी कसोटी महाराष्ट्रात पाहायची असेल तर कल्याणहून कोल्हापूरला जावं लागतं. वळिवडे गावाजवळ १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसांची छावणी होती, त्यात बायका आणि मुलंच जास्त. सोव्हिएत सरकारने त्यांना पोलंडमधून सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलं होतं. १९४१ नंतर सुटका होऊन ती इराणमार्गे इथवर आली. लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार त्यांचा कारभार बघे. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली आणि वळिवड्यातल्या माणसांमागचा देशच नाहीसा झाला. परत जायचं तर वॉर्सात कम्युनिस्ट सरकार, आणि अनेकांचं मूळ गाव आता सोव्हिएत हद्दीत. कागदोपत्री घर होतं, पण तिथे जाणं सुरक्षित नव्हतं. निर्वासिताची व्याख्या इतकी नेमकी क्वचितच डोळ्यांसमोर येते.

निर्वासितासाठी शेवटी तीनच वाटा असतात: स्वखुशीने परत जाणं, आहे तिथेच मुरणं किंवा तिसऱ्या देशात वसणं. वळिवड्यातल्या काहींनी पहिली निवडली. बऱ्याच जणांनी तिसरी निवडली आणि इंग्लंड, ऑस्ट्रेलिया असे देश गाठले. त्यांच्या मोकळ्या झालेल्या छावणीत मग सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली. आजची गांधीनगरची कापडबाजारपेठ तीच. सिंध्यांच्या वाट्याला दुसरी वाट होती. मागे सोडलेल्या मालमत्तेचे दावे, १९५० चा दावे कायदा, १९५४ चा नुकसानभरपाई कायदा, आणि शेवटी जागेची सनद. उल्हासनगरात जमिनीचा व्यवहार निघाला की ‘सनद आहे का?’ हा प्रश्न आजही पहिला येतो.

हे सगळं इतिहासात जमा झालेलं नाही. पाकिस्तानातून आलेली सिंधी कुटुंबं आजही उल्हासनगरात राहतात. नातेवाईक इथे आहेत, म्हणून ती इथे आली. त्यांचा रस्ता यूएनएचसीआरकडून जात नाही. भारतात ती संस्था मुख्यतः अफगाणिस्तान, म्यानमार, सोमालिया अशा देशांतून आलेल्यांची नोंदणी करते. तिबेटी आणि श्रीलंकेच्या तमिळांकडे सरकार स्वतः पाहतं. पाकिस्तानी हिंदूंसाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा असतो. त्यावर नोकरी करता येते, मुलं शाळेत घालता येतात, बँकेत खातं उघडता येतं. पुढची पायरी नागरिकत्व. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने काही जिल्हाधिकाऱ्यांना अशा अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले, त्यांत ठाण्याचे जिल्हाधिकारी होते. नागरिकत्व कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीचे नियम ११ मार्च २०२४ ला निघाले. या वाटेने जिल्ह्यात कागद तपासणारी समिती टपाल खात्याच्या अधीक्षकाच्या अध्यक्षतेखाली बसते. आजोबा-पणजोबा पाकिस्तानातले होते हे दाखवणारा कागदही चालतो. फक्त भारतात प्रवेश ३१ डिसेंबर २०१४ पर्यंतचा हवा, आणि माणूस नियमात दिलेल्या सहा धर्मांपैकी एकाचा हवा. म्हणजे पुन्हा तारीख, आणि तिच्या जोडीला एक नवा रकाना. पाकिस्तान किंवा अफगाणिस्तानातून जीव वाचवून आलेला अहमदिया किंवा हजारा मुस्लिम या रकान्यात बसत नाही. छळाचं कारण पाहणाऱ्या माणसाला हे खटकावं असं मला वाटतं.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा हिंदूंचे आधीच दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील असं परराष्ट्र खात्याला वेगळं स्पष्ट करावं लागलं. व्हिसाचा प्रकार ठाऊक असलेली कुटुंबं त्यामुळे निश्चिंत होऊ शकत होती. साध्या व्हिसावर येऊन पुढचा अर्ज रखडलेल्यांना तो आधार नव्हता.

ज्याला या कामात शिरायचं आहे त्याने परदेशी छावणीचं स्वप्न बघायला हरकत नाही, पण सराव इथेही होतो. कायदा किंवा समाजकार्य शिकलेला, सिंधी जाणणारा कुणी, व्हिसा वाढवण्याचे आणि नागरिकत्वाचे अर्ज भरायला कुटुंबांना मदत करू शकतो. काम कंटाळवाणं असतं: नावाची तीन वेगवेगळी स्पेलिंगं जुळवायची, जन्माचा दाखला नसेल तर शाळेचा मागवायचा, मुदत संपण्याच्या आधी फोन करायचा. आणि अर्जातला मजकूर सही करणाऱ्या बाईला तिच्या भाषेत वाचून दाखवायचा, तिचा नवरा ‘मी सांगतो तिला’ म्हणाला तरी.