गोड्या पाण्यांतील व खाऱ्या पाण्यांतील कोळंबी
जुन्नरची कुकडी आणि आंबेगांवची घोड यांच्या पाण्याहून तेथील कोळंबीचें रक्त खारट असतें. त्यामुळें पाणी सारखें तिच्या अंगांत शिरतें. तें ती मूत्रावाटें टाकते व गमावलेलें मीठ कल्ल्यांनीं ओढून घेते. समुद्राच्या लिटरभर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम मीठ. प्रवाळांतील कोळंबीला त्यांतला अल्प बदलही सोसत नाहीं. काचेच्या पेटींतील पाणी आटतें, मीठ मागें राहतें. म्हणून तूट गोड्या पाण्यानेंच भरावी. हौशी माणूस नेमकें खारें ओततो!

ओढ्यांतली कोळंबी शेवाळ खुडीत बसते. प्रवाळांतल्या कांहीं जाती माशांच्या अंगावरचे किडे वेंचतात, आणि मासाही निमूट उभा राहतो. गोड्या पाण्यांतील मोठी कोळंबी मात्र दोन्ही घरची पाहुणी. घोड नदीवरील डिंभे जलाशयांत सोडल्यास ती वाढेल, परंतु तिची वीण तेथें होणार नाहीं; पिलांना मचूळ पाणी लागतें.