शेपटीवरचे कंगोरे

काचेच्या बशीतला प्राणी जेमतेम बोटाएवढा. स्पिरिटमध्ये राहून त्याचा रंग पार उडालेला, उकडलेल्या बटाट्यासारखा पिवळट झालेला. टेबलाशी बसलेली अभ्यासक चिमट्याने त्याला अलगद पालथा करते, टिपकागदाच्या कोपऱ्याने शेपटीवरचा ओलावा टिपते आणि दिव्याची मान वाकवून उजेड एका कडेने आणते. ओल्या कवचावर प्रकाश नुसता चकाकतो. तेच कवच कोरडे करून त्यावर तिरपा उजेड पाडला की कंगोरे उठून दिसतात. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोजणी सुरू होते. मधला कंगोरा, त्याच्या दोन्ही अंगांना लागून असलेले बारीक, मग त्यांच्या बाहेरचे जाड.

हा मँटिस श्रिंप. पुढचे दोन पाय प्रार्थनाकीटकासारखे छातीशी मुडपून बसतो म्हणून हे नाव. दिसायला कोळंबीसारखा असला तरी कोळंबीशी त्याचे नाते फार दूरचे. बशीतल्या प्रजातीचे नाव गोनोडॅक्टिलेसियस फाल्केटस. प्रवाळाच्या तुटक्या खडकांतली भोके हे तिचे घर. मुडपलेल्या पायाचा कोपरासारखा फुगीर भाग हातोड्यासारखा हाणून ती शंख आणि खेकडे फोडते. भोकासाठी आपसांत भांडतानाही हाच हातोडा चालतो आणि समोरचा शेपटीची ढाल पुढे करून ठोसे झेलतो. अभ्यासक ज्या कंगोऱ्यांवर बोट ठेवते आहे, ते याच ढालीवरचे.

पण कंगोरे फसवतात. वय वाढले, अंग वाढले की ते फुगत जातात. लहान प्राण्याची अणकुचीदार शेपटी आणि थोराची गुबगुबीत शेपटी शेजारी ठेवली तर दोन प्रजाती वाटाव्यात. म्हणून एका प्राण्यावर निकाल द्यायचा नसतो. एकाच जागेचे लहानमोठे, नर आणि माद्या असे सगळे रांगेने मांडावे लागतात. डोळ्यांमधल्या कपाळपट्टीचा आकार, तिचा मधला काटा, ढालीच्या कडेचे दात, सगळे ताडून पाहावे लागते. यात घाई चालत नाही.

खरी ओळख पटवणारी खूण मात्र बाटलीत टिकतच नाही. हातोड्याच्या पायाच्या वरच्या भागावर, आतल्या बाजूला एक रंगीत ठिपका असतो. प्रतिस्पर्ध्याला धमकावताना प्राणी दोन्ही पाय फाकवून तो ठिपका दाखवतो. गोनोडॅक्टिलस स्मिथी या नातलगाचा ठिपका जांभळा. समुद्रात हे प्राणी या ठिपक्यावरून एकमेकांना ओळखतात, आणि स्पिरिटमध्ये पहिल्यांदा जातो तो रंगच. जिवंतपणी काढलेला फोटो नसेल, तर पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला फक्त आकारावर काम भागवावे लागते.

‘फाल्केटस’ म्हणजे विळ्यासारखा. हे नाव १७७५ मध्ये कोपनहेगनला छापले गेले, तेव्हा ते देणारा पेटर फोर्स्कोल जाऊन बारा वर्षे झाली होती. लिनियसचा हा शिष्य डेन्मार्कच्या राजाने काढलेल्या अरबस्तान मोहिमेत तांबड्या समुद्राकाठी मासे, शेवाळ, कवचधारी प्राणी गोळा करत हिंडला. जुलै १७६३ मध्ये येमेनमधल्या यरीम गावी हिवतापाने त्याचा अंत झाला. उरलेले सोबती मोखाहून गलबताने मुंबईकडे निघाले. त्यांतल्या दोघांनी वाटेतच प्राण सोडला, आणि मोहिमेचा वैद्य क्रेमर १७६४ मध्ये मुंबईत वारला. सहा जणांतला कार्स्टन नीबूर एकटा उरला. घारापुरीच्या लेण्यांची मापे घेऊन चित्रे काढणारा नीबूर तो हाच. मायदेशी परतल्यावर मित्राची टिपणे त्यानेच छापून आणली. आज या प्राण्याच्या नावापुढे ‘फोर्स्कोल, १७७५’ असे लिहिले जाते, ते नीबूरच्या त्या निष्ठेमुळे.

पुढे हे एकच नाव तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरापर्यंत कितीतरी सारख्या दिसणाऱ्या प्राण्यांना लागले. अमेरिकी अभ्यासक रेमंड मॅनिंग यांनी हा गुंता सोडवण्यात हयात घालवली. जुन्या, ऐसपैस गोनोडॅक्टिलस वंशातून त्यांनी १९९५ मध्ये गोनोडॅक्टिलेसियस हा वंश वेगळा काढला.

सगळ्यात अवघड गाठ बसली ती हवाईत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे हा ठोसेबाज दिसू लागला. जहाजांबरोबर तो आला असावा असे मानले जाते. प्रवाळाच्या भोकांत तोवर स्यूडोस्क्विला सिलिएटा राहत होता. तो हातोडेवाला नव्हे, भालेवाला, पायाच्या काट्यांनी भक्ष्य भोसकणारा. भोकासाठी जुंपली की भाल्यापेक्षा हातोडा भारी. नव्याने जुन्याला प्रवाळातून कसे हुसकावले, याचा अभ्यास रॉबर्ट किन्झी यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पाहुण्याचे नाव फाल्केटस असेच होते. मग १९८१ मध्ये मॅनिंग आणि मार्जोरी रीका यांनी हवाईतल्या नमुन्यांवरून नवी प्रजाती लिहिली, गोनोडॅक्टिलस अलोहा. बेटांच्या भाषेतला शब्द नावातच आला. आता प्रजाती नवी असेल तर तिचे मूळ घर कोणते? हवाई, की आणखी कुठले? नाव बदलताच प्राण्याचा पत्ताही डळमळला. नंतरच्या फेरतपासण्यांत, जास्त नमुने शेजारी ठेवून पाहिल्यावर, अलोहा पुन्हा फाल्केटसमध्ये विलीन झाली. म्हणजे हवाईतला तो पाहुणाच, आणि त्याचे माहेर तांबड्या समुद्रापासून पश्चिम प्रशांत महासागरापर्यंत पसरलेले.

विस्ताराचा प्रश्न एवढ्यावर मिटत नाही. मोठा प्राणी भोक सोडून लांब जात नाही, पण पारदर्शक पिल्ले प्रवाहाबरोबर वाहत असतात. पॉल बार्बर आणि सारा बॉइस यांनी २००६ मध्ये तांबडा समुद्र आणि प्रशांत महासागर इथून जाळ्यात आलेल्या अशा पिल्लांचे डीएनए तपासले. त्यांतले काही ओळखीच्या कुठल्याच मोठ्या प्राण्याशी जुळले नाहीत.

बशीतल्या प्राण्याची मोजणी संपते. अभ्यासक बारीक अक्षरांत, स्पिरिटमध्ये न विरघळणाऱ्या शाईने नवी चिठ्ठी लिहिते: नाव, ओळखणाऱ्याचे नाव, वर्ष. आधीच्या चिठ्ठ्या ती काढून टाकत नाही. कोणी काय म्हटले होते आणि केव्हा, हे बाटलीतच राहायला हवे. प्राणी शेपटीकडून आत सोडला जातो, चारही चिठ्ठ्या त्याच्याभोवती तरंगतात, झाकण घट्ट बसते, आणि चिमटा पुढच्या बशीकडे वळतो.